चढाओढ असू द्या, पण गाण्याच्या आत

ब्लूज या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताच्या मैफलीत एकाच रात्री, एकाच मंचावर दोन हार्मोनिकावादक (माउथ ऑर्गन वाजवणारे) आले की त्यांनी एकमेकांशी कसं वागावं, यावरून वादकांमध्ये सतत भांडण चालतं. माझ्या मते ते भांडण मुळातच चुकीच्या जागी मांडलं गेलं आहे. एक बाजू म्हणते, ब्लूज चढाओढीतच वाढला, शिकागोचे थोर वादक एकमेकांना मंचावरून उठवूनच थोर झाले, तेव्हा ‘आधी विचारा, कमी वाजवा, दुसऱ्याला जागा द्या’ ही शिकवण म्हणजे ब्लूजचे दात काढून घेणं आहे. दुसरी बाजू म्हणते, जॅम, म्हणजे कुणीही मंचावर येऊन वाजवायची खुली मैफल, सगळ्यांची असते, तिथे कुणी कुणाला हरवायला येत नाही, चढाओढीची भाषाच हद्दपार करावी. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: चढाओढ आणि शिष्टाचार एकमेकांच्या विरोधात आहेत. मला हे गृहीतकच मान्य नाही. चढाओढ हवी, आणि ती उघड हवी. पण मंचावरचे नियम नसतील तर चढाओढ होऊच शकत नाही, नुसता गोंगाट होतो. शिवाय नियम मोडणारा माणूस बहुतेक वेळा स्पर्धक नसतोच. तो गाणं न ऐकणारा माणूस असतो, आणि त्याला स्पर्धक म्हणून मान देण्यात पहिली बाजू आणि त्याच्यामुळे सगळ्या स्पर्धकांना बदनाम करण्यात दुसरी बाजू सारखीच चुकते.

हा प्रश्न हार्मोनिकेच्याच बाबतीत इतका तीव्र का होतो? चार गिटारवाले एकत्र आले तर एक ताल धरतो, एक खालच्या सुरांवर राहतो, कसंबसं निभावतं. हार्मोनिकेचं तसं नाही, आणि कारण वाद्यातच आहे. ब्लूजमध्ये वाजते ती दहा भोकांची, वीस रीडची (आत कंप पावणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांची) छोटी डायटॉनिक हार्मोनिका. होनर कंपनीची ‘मरीन बँड’ 1896 पासून बाजारात आहे आणि शिकागोच्या अनेक मोठ्या वादकांनी तीच वाजवली. ती एकाच पट्टीची असते, आणि ब्लूजवाला ती सरळ वाजवत नाही. गाणं ‘जी’ (G) पट्टीत असेल तर तो ‘सी’ (C) पट्टीची हार्मोनिका घेतो आणि फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढण्याच्या सुरांवर मुक्काम करतो, कारण खालच्या भोकांमध्ये ओढतानाच सूर वाकवता येतात. तिसऱ्या भोकातला ओढलेला ‘बी’ (B) हा सूर किंचित खाली आणला, ‘बी’ आणि ‘बी फ्लॅट’ यांच्या मध्ये कुठेतरी धरला, की ब्लूजचा तो दुखरा गंधार मिळतो. त्याची जागा कुठे आखून ठेवलेली नाही. ती ज्याच्या त्याच्या जिभेत, घशात आणि श्वासात असते. लिटल वॉल्टर आणि बिग वॉल्टर हॉर्टन हे शिकागोचे दोन नामवंत हार्मोनिकावादक, पण एकाचा गंधार वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. आता दोन वादकांनी एकाच क्षणी तो सूर आपापल्या जागी धरला तर काय होईल? दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील आणि ऐकणाऱ्याला मात्र दोन सुरांची घासाघीस ऐकू येईल. ओठ थोडे रुंद केले की एकाच श्वासात तीन सूर निघतात, म्हणजे प्रत्येकाकडे सुरांचा गठ्ठा असतो. दोन गठ्ठे एकमेकांवर पडले की गाणं खाली दबतं.

त्यातच माइकची भर पडते. शुअरचा ‘ग्रीन बुलेट’ किंवा अस्टॅटिकचा ‘जेटी-30’ हार्मोनिकेसकट दोन्ही तळव्यांत घट्ट धरून छोट्या व्हॉल्व्ह अँपमधून (अँप्लिफायरमधून) वाजवायचं, ही 1950 च्या दशकातल्या शिकागोची शैली. आवाज जाड होतो, फाटतो, सॅक्सोफोनसारखा अंगावर येतो. पण तो नेमका माणसाच्या गळ्याच्या पट्ट्यात येऊन बसतो. म्हणून गायक गात असताना मागे हार्मोनिका चालू ठेवली की शब्द बुडतात. बारा बारांच्या ब्लूजची बांधणीच पाहा (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक भाग): तीन ओळी, प्रत्येकीला चार बार, त्यांतले साधारण पहिले दोन गायकाचे आणि उरलेले दोन उत्तराचे. उत्तराची ही जागा, म्हणजे ‘फिल’, ब्लूजमधली सर्वांत मौल्यवान जमीन आहे. ती एकाच वाद्याला पुरते. गिटारवाला, पियानोवाला आणि हार्मोनिकावाला यांच्यात ती आधीच वाटून घ्यावी लागते. तिथे दुसरा हार्मोनिकावाला उभा राहिला, तर एकाने तोंडातून वाद्य काढून खाली धरणं एवढाच उपाय उरतो. याला सौजन्य म्हणा हवं तर. मी याला संगीताची गरज म्हणतो.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा घेऊ, कारण तो खरा आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस गायक-गिटारवादक मडी वॉटर्स, गिटारवादक जिमी रॉजर्स आणि लिटल वॉल्टर शिकागोच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या क्लबांमधून फिरत, तिथे वाजवणाऱ्या बँडच्या मंचावर चढायची संधी मिळवत आणि त्यांना असं काही झोडपत, की कधी कधी ते कामच यांच्याकडे येई. त्यांना ‘हेडहंटर्स’ म्हणत, म्हणजे मुंडकी छाटणारे. हे सौजन्याचं वागणं होतं असं कोण म्हणेल? ज्याची रात्र गेली त्याच्या घरी पैसे गेले नाहीत. वॉल्टर स्वभावाने तापट होता, भांडकुदळ होता, आणि 15 फेब्रुवारी 1968 ला तो गेला तोही एका मारामारीनंतर. त्याच्या वादनातली धार त्याच्या स्वभावातून वेगळी काढता येते का, हा प्रश्न कुणी विचारला तर मी तो हसण्यावारी नेणार नाही. शिकागोतल्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात रस्त्यावर उभं राहून वाजवताना जो शेजारच्यापेक्षा जास्त माणसं ओढेल त्याच्याच डब्यात नाणी पडत. अशा ठिकाणी घडलेली कला मवाळ कशी असेल?

पण हा पुरावा पुरता वाचला तर तो उलट साक्ष देतो. हेडहंटर्स कुणाच्या गाण्यावर स्वतःचं गाणं वाजवून जिंकत नव्हते. ते मंचावर येत, आणि मग आपला आख्खा संच एकजिनसी वाजवून दाखवत. त्यांचं हत्यार काय होतं? वॉटर्सची स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवलेली), रॉजर्सची तिच्याखाली सरकणारी दुसरी गिटार आणि त्या दोघांच्या मधल्या फटी शोधत जाणारी वॉल्टरची हार्मोनिका. वॉटर्ससोबतची त्याची ध्वनिमुद्रणं लक्ष देऊन ऐका. गायकाचा शब्द सुटेपर्यंत हा माणूस थांबतो, शब्द सुटताच आत शिरतो, पुढची ओळ यायच्या आधी बाहेर पडतो. मंचाखाली तो कसाही वागत असेल, गाण्याच्या आत त्याच्याइतका शिस्तीचा साथीदार क्वचितच झाला असेल. आज त्याच्या नावाने दुसऱ्याच्या सोलोवर चढून वाजवणारे त्याचा तापटपणा उचलतात आणि कान मागे ठेवतात.

चढाओढ कशासाठी होती हेही विसरता येत नाही. बँडमध्ये हार्मोनिकावाल्याची खुर्ची एकच असते. मे 1952 मध्ये लिटल वॉल्टरने ‘ज्यूक’ हे वाद्यगीत ध्वनिमुद्रित केलं, ते अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि त्याने वॉटर्सचा बँड सोडला. त्याच्या जागी ज्युनियर वेल्स आला. वेल्स ज्या ‘एसेस’ बँडमध्ये वाजवत होता तो बँड वॉल्टरने घेतला. दोन खुर्च्या, दोन माणसं, सरळ अदलाबदल. 1954 मध्ये वॉटर्सकडे जेम्स कॉटन आला. मंचावर कॉटन वाजवे, पण चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्यानंतरही अनेकदा वॉल्टरलाच बोलावलं जाई. आपल्या खुर्चीवर बसलेला असताना रेकॉर्डवर दुसऱ्याचा आवाज ऐकू येणं, यापेक्षा बोचरी चढाओढ कुठली? कॉटनने त्यावर काय केलं? तो वॉल्टरच्या आवाजावर आवाज चढवायला गेला नाही. आधी वॉल्टरच्या जागा तंतोतंत वाजवल्या, मग हळूहळू स्वतःचा जोरकस, रुंद श्वासाचा बाज घडवला, आणि 1960 च्या दशकात स्वतःचा बँड उभा केला. चढाओढीने माणूस घडतो हे पहिल्या बाजूचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे. फक्त ती चढाओढ वर्षानुवर्षं चालली, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची तयारी तिच्यातच होती.

जाझचे दाखले इथे नेहमी दिले जातात, त्यांतला एक तर जवळजवळ शस्त्रासारखा वापरला जातो. 1930 च्या दशकात कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये कोवळा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर जॅममध्ये वाजवताना भरकटला, आणि ड्रमर जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. पार्कर अपमान गिळून गेला, 1937 च्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगराळ भागात काम धरलं, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची रेकॉर्डवरची वादनं घोटली आणि वेगळाच माणूस होऊन परतला. ‘बघा, अपमानानेच पार्कर घडला!’ पण या कथेत आपल्याला पार्कर दिसतो कारण तो परत आला. त्या दशकात अशाच कुठल्या मंचावरून खाली उतरून वाद्य कायमचं पेटीत ठेवणारे किती असतील? त्यांची नावं कुणी नोंदवली? परत आलेल्या एकाच्या आधारे अपमानाला शिक्षणपद्धती ठरवणं म्हणजे न परतलेल्यांना हिशेबातून गाळणं आहे. पार्करला पार्कर केलं ते झांजेनंतरच्या महिन्यांनी. खोटं कौतुक त्याच्या कामाचं नव्हतं, हे मी मान्य करतो. पण खरं सांगणं आणि झांज फेकणं या दोन्हींमध्ये बरीच जागा असते.

शिष्टाचारवाल्यांवर घेतला जाणारा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. नियम म्हणजे कुंपण, आणि कुंपणाचा उपयोग बाहेरच्यांना बाहेर ठेवायलाच होतो. जॅम चालवणारे स्वतःच्या मित्रांना तीन गाणी देतात, नवख्याला रात्रीच्या शेवटी एक, आणि वर ‘इथली पद्धत अशी आहे’ म्हणतात. हे घडतं. स्त्रियांच्या बाबतीत तर जास्तच. गायिका बिग मामा थॉर्नटन दमदार हार्मोनिका वाजवायची, पण तिचं नाव निघालं की आजही फक्त गळ्याची चर्चा होते. हा आक्षेप मला नियमांच्या बाजूने बोलताना सर्वांत जड जातो. तरी इतिहासाकडे पाहिलं तर कुंपण घालणारे नियम वेगळे आणि मंचावरचे नियम वेगळे, हे स्पष्ट दिसतं. हार्मोनिकावादक चार्ली मसलव्हाइट 1962 मध्ये मेम्फिसहून शिकागोला आला. गोरा पोरगा, कामाच्या शोधात आलेला, पेपर्स लाउंजमध्ये रात्री मडी वॉटर्सला ऐकत बसायचा. आपण वाजवतो हे त्याने वॉटर्सला सांगितलंच नव्हतं. तिथल्या एका वेट्रेसने ते वॉटर्सच्या कानावर घातलं, आणि वॉटर्सने त्याला वर बोलावलं. पॉल बटरफील्डही शिकागोतल्या हाइड पार्कचा गोरा मुलगा, तोही याच दक्षिण भागातल्या क्लबांमध्ये वाजवून शिकला आणि 1965 मध्ये स्वतःच्या बँडची पहिली तबकडी घेऊन आला. ज्या शहरात वंशावरून वस्त्या विभागल्या होत्या, तिथे काळ्या वादकांनी आपल्या मंचाचं दार या मुलांना उघडलं. दार बंद ठेवायला त्यांच्याकडे कारणं कमी नव्हती. तरी जो ऐकायला बसतो, बोलावलं की येतो आणि आल्यावर गाण्यात बसतो, त्याला त्यांनी आत घेतलं. यात ‘बोलावलं की येतो’ हा भाग कुंपण नव्हता. बाहेरचा माणूस आत यायची तीच वाट होती.

म्हणूनच मला सर्वांत जास्त चीड येते ती टेबलावरून वाजवणाऱ्याची. हा माणूस श्रोत्यांत बसलेला असतो, खिशातून हार्मोनिका काढतो आणि मंचावर गाणं चालू असताना त्यावर वाजवू लागतो. त्याला वाटतं आपण फक्त शेजारच्या दोघांना ऐकू जातोय. तसं नसतं. रीडचा आवाज धारदार असतो, तो मंचापर्यंत पोचतो, गायक ओळ विसरतो, आणि ज्यांनी तिकीट काढून बँड ऐकायला यायचं ठरवलं ते भलतंच काही ऐकतात. बऱ्याचदा तर पट्टीही चुकीची असते, कारण बँडने कुठली पट्टी सांगितली हे त्याला कळलेलंच नसतं. ही चढाओढ आहे का? स्पर्धेत स्वतःला पणाला लावावं लागतं, नाव सांगून पुढे यावं लागतं. हा ते काहीच करत नाही. बाकीचे दंडक मी भराभर सांगतो, कारण त्यांवर वाद घालण्यासारखं फारसं नाही: दुसऱ्याच्या हार्मोनिकेला तोंड लावू नये, दुसऱ्याचा माइक विचारल्याशिवाय उचलू नये, अँपचा आवाज ड्रमच्या वर नेऊ नये, आणि निदान नेहमीच्या पट्ट्यांच्या हार्मोनिका खिशात असल्याशिवाय जॅमला येऊ नये.

वेळेचा हिशेब मात्र थांबून करण्यासारखा आहे. मिनिटाला साठ ठोके अशा संथ लयीत बारा बारांचं एक आवर्तन 48 सेकंद घेतं. प्रत्येकाला दोन आवर्तनं म्हणजे 96 सेकंद. रांगेत चार हार्मोनिकावाले असतील तर सहा मिनिटांहून जास्त वेळ बँड एकाच जातीचं वाद्य ऐकवतोय, आणि तोवर गायक, पियानोवाला, गिटारवाला उभे आहेत. त्यातल्या एकाने ‘रंगात आलो’ म्हणून दोनाची पाच आवर्तनं केली, की नुकसान होतं ते त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्याचं, आणि तो बहुतेक वेळा नवखाच असतो. मोकळीक मागणारा जुना वादक आणि कुंपणाबाहेर राहिलेला नवखा यांना एका पारड्यात टाकून ‘नियम नकोत’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावं.

तरी दुसऱ्या बाजूची ‘इथे कुणी कुणाला हरवत नाही’ ही भूमिका मला पटत नाही. सगळ्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायच्या, आणि घरी जाताना पाठीमागे बोलायचं, हे सौजन्य नाही, भित्रेपणा आहे. वादकाला आपण कुठे उभे आहोत हे कळायला आपल्याहून चांगला माणूस शेजारी उभा राहून, त्याच लयीत, त्याच पट्टीत, त्याच बारा बारांत वाजवताना ऐकावा लागतो. घरातल्या सरावाने हे कळत नाही. बिली ब्रांचचं नाव शिकागोत झालं ते 1975 मध्ये, दक्षिण भागातल्या ग्रीन बनी क्लबमध्ये लिटल मॅक सिमन्सविरुद्धच्या उघड हार्मोनिका सामन्यातून. जाहीर सामना, श्रोते समोर, दोघांना सारखीच संधी. त्याच काळात तो कॅरी बेल, ज्युनियर वेल्स, जेम्स कॉटन अशा वडीलधाऱ्यांकडून शिकत होता, आणि विली डिक्सनच्या बँडमधली बेलची खुर्ची पुढे त्यालाच मिळाली. 1990 मध्ये अ‍ॅलिगेटर कंपनीने कॉटन, वेल्स, बेल आणि ब्रांच या चौघांना एका तबकडीवर एकत्र आणलं. ज्याची खुर्ची घेतली त्याच्याच शेजारी उभं राहून वाजवणं कधी शक्य होतं? हरणाऱ्याला आपण फसवलं गेलो असं वाटलेलं नसतं, तेव्हाच.

एकाहून जास्त हार्मोनिका एका मंचावर चालू शकतात का, यावरही अकारण गोंधळ आहे. चालतात, पण कुणीतरी सूत्रं हातात घ्यावी लागतात. 1965 च्या अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलच्या युरोप दौऱ्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात थॉर्नटन, बिग वॉल्टर हॉर्टन, डॉक्टर रॉस आणि इतर काही जण हार्मोनिका घेऊन एकत्र उभे आहेत. हॉर्टनचा तो गोल, घुमणारा सूर आणि रॉसचा खरखरीत ग्रामीण बाज यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर ऐकू येतं कारण एकेकाला आपापली जागा मिळते. कॅलिफोर्नियाच्या मार्क हमेलने 1991 पासून हार्मोनिकावाल्यांचे जे मोठे कार्यक्रम चालवले त्यांची घडणही अशीच आहे: प्रत्येकाचा स्वतंत्र भाग, आणि सगळे एकत्र येतात ते शेवटी. तिथे येणाऱ्या प्रत्येक नामवंताला आपण शेजारच्यापेक्षा सरस ठरावं असंच वाटत असणार. नियमांनी ती इच्छा मारली नाही, तिला ऐकण्याजोगं केलं.

तेव्हा जॅम चालवणाऱ्यांनी चढाओढ टाळण्यात शक्ती घालवू नये. तिला रात्रीत एक राखीव जागा द्यावी, आणि ती आधी जाहीर करावी. दोन वादक, एकच बँड, एकच माइक, एकच अँप, म्हणजे यंत्राच्या जोरावर कुणी वरचढ होणार नाही. आधी प्रत्येकी दोन आवर्तनं, मग चार-चार बारांची देवाणघेवाण, आणि एक वाजवत असताना दुसऱ्याची हार्मोनिका खाली. मध्ये एखादं आवर्तन गायकाला द्यावं, कारण साथ करताना कोण किती थांबतो हे तिथेच दिसतं, आणि माझ्या मते खरा निकाल तिथेच लागतो. यादीत नाव लिहिणाऱ्या नवख्यालाही वर्षातून एकदा तरी या जागेवर उभं करावं, मित्रांच्या आधी. पट्टी मोठ्याने, दोनदा सांगावी, आणि दोघांच्याही हातात योग्य हार्मोनिका आल्याशिवाय ड्रमरने काठी उचलू नये.